गुरुवारचं देणं

पोलंडमधल्या व्रोत्सवाफमध्ये राहायला आलेल्या मराठी माणसाला वर्षातून दोन-तीनदा तरी सामोसे तळायचं बोलावणं येतं. कधी शाळेच्या अंगणात, कधी वाचनालयात, उन्हाळ्यात एखाद्या बागेत. ‘अनेक संस्कृतींचा दिवस’ अशा धर्तीचं काहीतरी नाव असतं. आपण जरीकाठाची साडी नेसून एका टेबलामागं उभं राहायचं. शेजारी कोणी जॉर्जियाचा माणूस खाचापुरी कापत असतो, पलीकडे तुर्की कॉफी उकळत असते. पोलिश आजी-आजोबा नातवंडांना घेऊन येतात, हातावर मेंदी काढून घेतात, सामोसा तिखट आहे का विचारतात आणि नाही म्हटलं तरी भीतभीतच खातात. मग आभाराची भाषणं, फोटो, आणि संध्याकाळी तेलकट कढई पिशवीत घालून ट्रामनं घरी.

या कार्यक्रमांवर माझा राग नाही. मी जाते, अजूनही जाते. पण सामोसा कोल्हापुरात आमच्या घरी कधी केला नाही, तो बाहेरून यायचा. थालीपीठ नेलं तर कोणी ओळखत नाही, झुणका नेला तर बोट लावत नाही, म्हणून सामोसा. समोरच्याच्या मनात जो भारत आधीच बसलेला असतो तोच आपण त्याला तळून द्यायचा, असा तो मामला. त्या टेबलामागं मी दिवसभर हसत उभी राहिले तरी संध्याकाळी पाहुणी ती पाहुणीच राहते. या शहराचं माझ्यावर जे देणं आहे ते त्या टेबलाचं नाही. ते एका गुरुवारच्या खोलीचं आणि तिची किल्ली बाळगणाऱ्या एका बाईंचं आहे.

२०१८ च्या शरदात मी इथं आले. नवऱ्याची नोकरी सॉफ्टवेअरमधली, कंपनी इंग्रजीत चालणारी, त्याला पोलिशची गरज पडली नाही. मी कोल्हापुरात हायस्कुलात गणित शिकवत होते. इथं आल्यावर माझी ओळख म्हणजे नवऱ्याच्या कागदपत्रांतला एक रकाना झाली. दुकानात बोट दाखवून भाजी घ्यायची, डॉक्टरकडं नवऱ्याला घेऊन जायचं. एका कचेरीत तर खिडकीमागच्या बाईंनी माझ्याकडं न बघता माझ्याबद्दलचे सगळे प्रश्न नवऱ्याला विचारले, आणि त्यालाही त्यांतला एकही कळला नाही. त्या दिवशी घरी जाताना मी ठरवलं की ही भाषा शिकायची.

नादोद्झे ही शहरातली, ओद्रा नदीच्या उत्तरेकडची जुनी वस्ती. दुसऱ्या महायुद्धात शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला, पण इथल्या चाळवजा चार-पाच मजली इमारती बऱ्याचशा वाचल्या. गिलावा उडाला की खालून जुनी जर्मन अक्षरं वर येतात, कुठं बेकरी होती, कुठं कोळशाची वखार. अशाच एका इमारतीच्या तळमजल्यावर, पूर्वीच्या दुकानाच्या गाळ्यात, वस्तीतल्या लोकांसाठी एक खोली आहे. गुरुवारी संध्याकाळी तिथं परदेशी माणसांना पोलिश बोलायचा सराव मिळतो, फुकट. अट एकच, यायचं आणि बोलायचं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा वेळेआधीच पोचले होते. दारात एक ठेंगणी, पिकल्या केसांची बाई किल्लीशी झटत होती. दार उघडल्यावर तिनं मला कोण, कुठली, काही विचारलं नाही. भिंतीला रचून ठेवलेल्या खुर्च्यांकडं बोट केलं आणि हातानंच सांगितलं, मांड. मी खुर्च्या मांडल्या. तोवर युक्रेनच्या दोघी बहिणी आल्या, त्यांना किटली मिळाली. एका इजिप्शियन विद्यार्थ्याला हजेरीचा कागद. तो कागद महत्त्वाचा, कारण खोलीचं भाडं शहराच्या अनुदानातून जातं आणि सह्या नसल्या तर अनुदान नाही. रिकाम्या हातानं बसायची सोय त्या खोलीत कोणालाच नव्हती.

आम्ही सगळे तिला बाईच मानतो, पण तिनं आयुष्यात कधी शाळेत शिकवलेलं नव्हतं. पाफावाग या इथल्या रेल्वेडब्यांच्या कारखान्यात ती नकाशे काढायची. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून हे काम घेतलं, बिनपगारी. भाषाही ती नकाशासारखीच तपासायची. माझं वाक्य शांतपणे शेवटपर्यंत ऐकायची आणि मग जिथं रेघ चुकली तिथं पेन्सिल टेकवायची. पोलिशमध्ये सात विभक्त्या. शाळेत आठ विभक्त्या घोकलेल्या माणसाला सातांचं भय वाटायचं कारण नव्हतं, पण इथं माणसाचं आडनावसुद्धा विभक्तीप्रमाणं रूप पालटतं, आणि आकड्यांचं काय होतं ते तर गणिताच्या मास्तरणीनं न सांगितलेलंच बरं. बाईंनी कधी ‘छान, छान’ म्हटलं नाही. बरोबर आलं की पुढचा प्रश्न. त्या कंजूषपणाचा मला फार आधार वाटायचा. परक्या माणसाच्या तोडक्यामोडक्या बोलण्याला जे उगाच टाळ्या वाजवतात, त्यांनी त्याच्याकडून फारशी अपेक्षाच ठेवलेली नसते.

बाईंचा जन्म १९४८ चा, इथलाच. आईवडील मात्र ल्वूवकडचे, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या ल्विवचे. युद्ध संपलं, सीमा सरकल्या, जर्मनीचं ब्रेस्लाउ पोलंडकडं आलं आणि व्रोत्सवाफ झालं. सहा लाखांवर वस्तीचं जर्मन शहर दोन-तीन वर्षांत जवळजवळ संपूर्ण रिकामं झालं आणि पोलिश माणसांनी भरलं. पूर्वेकडून माणसं मालगाडीतून आली, पलंग, शिवणयंत्रं, कोंबड्या बरोबर घेऊन. नाटककार फ्रेद्रोचा पुतळा ल्वूवहून येऊन १९५६ मध्ये इथल्या चौकात बसला. तिथल्या ओसोलिनेउम ग्रंथालयातल्या संग्रहाचा एक भागही इथं आला. बाईंच्या आईवडिलांना जे घर मिळालं त्यात मूळची जर्मन बाई अजून राहत होती. काही महिने दोन्ही कुटुंबांनी एकच चूल वापरली. मग तीही गेली. तिचा पिठाचा डबा अजून बाईंच्या फळीवर आहे, पांढरा, कडेचा मुलामा उडालेला, निळ्या जर्मन अक्षरांत पीठ असं लिहिलेला. बाई त्यात साखर ठेवतात. ‘पीठ तिचं होतं,’ असं एकदा म्हणाल्या, आणि मग लगेच विषय बदलून माझ्या भूतकाळाच्या रूपांकडं वळल्या.

हे शहर स्वतःला भेटीगाठींचं शहर म्हणवतं, तशी पाटीही लावतं. पाट्यांवर माझा फारसा विश्वास नाही. पण ज्या गावात सत्तरीच्या माणसाचेसुद्धा आईबाप बाहेरून आलेले, तिथं ‘तू मूळची कुठली?’ हा प्रश्न विचारणाऱ्याच्या अंगावर उलटतो, हे मात्र मी अनेकदा पाहिलंय.

मी आले त्या वर्षीच्या डिसेंबरात बाईंनी फर्मान काढलं की खोलीत सगळ्यांची मिळून विगिलिया करायची. विगिलिया म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवण. आभाळात पहिली चांदणी दिसली की बसायचं, मांस वर्ज्य, पदार्थ बारा, मेजाच्या कापडाखाली थोडं वाळलेलं गवत. आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट रिकामं ठेवायचं. या ताटाचं कौतुक परदेशी लोकांना फार करून सांगितलं जातं. मी बाईंना विचारलं, कधी कोणी बसलं का त्यावर? म्हणाल्या, ‘एकदाच. खालच्या मजल्यावरचा शेजारी, पिऊन आलेला. बायकोनं घराबाहेर काढलं होतं.’

आम्ही त्या ताटावर बसणारे नव्हतोच. आम्हाला आदल्या दिवशी दुपारीच बोलावलं होतं, कामाला. तुर्कस्तानच्या एका गृहस्थांकडं बीट सोलायचं काम, त्यांचे हात आठवडाभर लाल होते. इजिप्तच्या पोरानं भिजवलेल्या रानातल्या अळंब्या चिरल्या. माझ्याकडं प्येरोगी आल्या. प्येरोगी म्हणजे मैद्याच्या पातळ पारीत कोबी-अळंबीचं सारण भरून, दुमडून, कडा दाबून उकळत्या पाण्यात सोडायच्या. पहिल्या चार मी बाईंसारख्या केल्या, बोटांनी नुसत्या चेपून. मग हात आपोआप आपल्या वळणावर गेला. अंगठ्यानं कड किंचित ओढायची, आत दुमडायची, पुन्हा ओढायची. दिवाळीत आई करंजीला मुरड घालते तशी मी प्येरोगीला मुरड घालत सुटले. बाई पलीकडून आल्या, एक उचलली, उजेडाकडं धरली, कड नखानं तपासली. कारखान्यात पुर्जा तपासत असतील तशी. मग पीठ माखलेल्या हातानं माझी ताटली पुढं सरकवली आणि स्वतःची चेपलेली ताटली मागं घेतली. ‘हिच्या फुटणार नाहीत,’ एवढंच म्हणाल्या. फुटल्या नाहीत. मला त्या दिवशी जे वाटलं ते इथल्या कुठल्याही मानपत्रानं वाटलं नसतं.

जेवणाआधी ओप्वातेक म्हणजे कागदासारखी पातळ, बेचव पापडी वाटतात. प्रत्येकानं प्रत्येकाच्या पापडीचा तुकडा मोडून घ्यायचा आणि त्याला शुभेच्छा द्यायच्या. इजिप्तच्या पोरानं हळूच विचारलं, हे धार्मिक आहे ना, मी घेऊ का? बाई म्हणाल्या, ‘पीठ आणि पाणी आहे. शुभेच्छा मात्र व्याकरणशुद्ध दे.’

पुढच्या उन्हाळ्यात, २०१९ च्या ऑगस्टात, कोल्हापूर बुडालं. ऑगस्टमध्ये ती खोली बंद असते, म्हणून गुरुवार बाईंच्या मळ्यावर भरायचा. इथं शहराच्या कडेला मध्यमवर्गी माणसांकडं बागेचे छोटे छोटे तुकडे असतात, त्यात एक लाकडी खोपी, सफरचंदाची दोन झाडं, घेवड्याच्या वेली. त्या गुरुवारी माझं लक्ष फोनवर होतं. आई रमणमळ्यात एकटी. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची रेषा केव्हाच ओलांडली होती, पुणे-बंगळूर महामार्ग बंद, कोणाला पोचता येत नव्हतं. तोवर मला भेटलेल्या सगळ्यांनी विचारलं होतं, ‘घरचे सुखरूप आहेत ना?’ हा प्रश्न चांगल्या मनानंच विचारलेला असतो, पण त्याला ‘हो’ म्हणण्यापलीकडं काही करता येत नाही.

बाईंनी हातातली शेंगांची बुट्टी खाली ठेवली आणि विचारलं, ‘कितवा मजला?’

आई शेजाऱ्यांकडं दुसऱ्या मजल्यावर गेली होती. मग प्रश्न ओळीनं आले. पिण्याचं पाणी किती आहे? औषधं वर नेली का? गॅस बंद केला का? कागदपत्रं? फोन एकाच वेळी सगळ्यांनी वापरू नका, एकाचा बंद ठेवा. १९९७ च्या जुलैत ओद्रेला महापूर आला तेव्हा बाई कोझानूफ वसाहतीत चौथ्या मजल्यावर होत्या. सखल जमिनीवर बांधलेली ती वसाहत सगळ्यांत वाईट बुडाली. खालचे मजले पाण्यात, नळ कोरडे, बादल्या दोरीनं वर ओढायच्या. ‘पूर आला की माणसं पाण्याला भितात,’ त्या म्हणाल्या, ‘आणि मरतात तहानेनं.’ मी तिथूनच आईला फोन लावला. बाई पोलिशमध्ये सांगत होत्या, मी मराठीत. आईनं २००५ चा पूर बघितलेला. तिकडून ठणठणीत आवाज आला, ‘त्या बाईंना सांग, पिंपं भरूनच वर आलेय मी.’ मी सांगितलं. बाईंनी पहिल्यांदाच मान डोलावली, जशी माझ्या बरोबर वाक्यावर कधी डोलावली नव्हती.

कोल्हापूरचा पाणीपुरवठा तेव्हा खरंच कोलमडला, पंप पाण्याखाली गेले आणि पूर ओसरल्यावरही लोक टँकरची वाट बघत होते. आईच्या पिंपांवर शेजारच्या दोन घरांचं भागलं. त्यानंतर माझ्या फोनमधून दोन म्हाताऱ्यांचा परस्पर व्यवहार सुरू झाला. आईनं येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर कांदा-लसूण चटणी धाडली. बाई ती उकडलेल्या बटाट्यावर घालून ताकाबरोबर खातात आणि वर, कमी तिखट कर म्हणून निरोप देतात. आई निरोप ऐकते आणि पुढच्या खेपेला तेवढीच तिखट पाठवते.

करोनात खोली बंद पडली. बाईंनी घरच्या फोनवरून एकेकाला ठरलेल्या वेळी गाठलं, अर्धा तास पोलिश, मग फोन खाली. त्याबद्दल अधिक काही लिहिण्यासारखं नाही, एवढंच की त्या महिन्यांत नवरा सोडून मला नेमानं बोलायला मिळालेलं माणूस कोणी असेल तर ते गुरुवारचं.

२०२० च्या ऑगस्टनंतर बेलारूसची माणसं यायला लागली आणि २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला. त्या दोघी बहिणींची आई खार्किवहून निघाली होती. मुख्य रेल्वे स्थानकावर गाड्या येत होत्या, दारांतून फक्त बाया, पोरं आणि मांजरांच्या पेट्या उतरत होत्या. आमच्या खोलीतला अख्खा गुरुवार स्थानकावर गेला. बाईंनी पाळ्या लावल्या, कोणी पाव कापायचा, कोणी पोरांना शौचालयाचा रस्ता दाखवायचा. माझ्याकडं गाड्यांचे फलक वाचून सांगायचं काम आलं. पिवळं जाकीट घातलेली सावळी बाई उभी बघून एका आजींनी मला रशियन-युक्रेनियन मिसळून विचारलं, तुमच्या शहरात राहायला जागा महाग आहे का? मी पोलिशमध्ये म्हटलं, आहे. ‘माझं नाही हे शहर’ असं म्हणायला त्या क्षणी सवडही नव्हती आणि खरं तर मनातही आलं नाही.

कोल्हापूरचं नाव मात्र बाईंच्या लेखी पूर आणि चटणी एवढ्यापुरतंच होतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताचे पंतप्रधान वॉर्साला आले, तिथल्या कोल्हापूर स्मारकाला त्यांनी फुलं वाहिली आणि पोलिश बातम्यांत कोल्हापूर असं स्वच्छ ऐकू आलं. दुसऱ्याच गुरुवारी बाईंनी मला उभं केलं. ‘हे काय आहे ते सांग. पोलिशमध्ये. आणि हत्ती, ताजमहाल नको.’

मग मी वळिवडे सांगितलं. १९४० पासून सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधून लाखो माणसं सायबेरिया आणि कझाकस्तानकडं नेली. १९४१ च्या करारानंतर सुटका झालेल्यांतले काही इराणमार्गे हिंदुस्थानात पोचले. जामनगरजवळ बालाचडीला महाराजा दिग्विजयसिंहांनी पोरक्या मुलांना ठेवून घेतलं, ती हकिगत पोलंडमध्ये बऱ्याच जणांना माहीत आहे. वॉर्सात त्यांच्या नावानं चौकही आहे, ‘भल्या महाराजाचा चौक’. पण मोठी वसाहत होती ती कोल्हापूरजवळ वळिवड्याला. १९४३ ते १९४८, सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. बराकींच्या ओळी, शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं, बालवीर पथकं. कोल्हापुरात आजही त्यांच्यातल्या काहींच्या कबरी आहेत. माझी आजी त्यांच्याबद्दल सांगायची ते एवढंच, की त्या बाया उन्हात टोपी न घालता सायकलवरून बाजाराला यायच्या.

मी थांबले. कोणीतरी म्हणालं, किती सुंदर गोष्ट. बेलारूसच्या दंतवैद्य बाईंनी डोळे पुसले. आमच्या बाईंनी वहीत टिपलेल्या माझ्या सहा-सात चुका वाचून दाखवल्या आणि मग विचारलं, ‘ते गेल्यावर त्या बराकींत कोण आलं?’

हा प्रश्न मला कोल्हापुरातसुद्धा कोणी विचारला नव्हता. फाळणीत सिंधमधून हाकलली गेलेली माणसं आली, मी म्हटलं. त्याच जागी त्यांनी संसार थाटले. आता त्याला गांधीनगर म्हणतात, कपड्यांची मोठी घाऊक बाजारपेठ आहे, लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही तिथं जायचो. बाईंनी पुढं विचारलं, भांडीकुंडी काही मागं राहिली होती का? ते मला सांगता आलं नाही. पण त्यांच्या मनात तो पिठाचा डबा होता हे तिथल्या निदान मला तरी कळलं. दुसऱ्याच्या रिकाम्या घरात जन्मलेल्या माणसाला कोण गेलं याइतकंच कोण आलं हेही विचारावंसं वाटतं.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांतच पाणी आलं. सप्टेंबरच्या मध्यावर डोंगराकडच्या भागात अतोनात पाऊस झाला, स्त्रोन्ये श्लोंस्क्येचं धरण फुटलं, लोंदेक-झ्द्रुय, क्वोद्स्को उद्ध्वस्त झाली आणि तीच लाट ओद्रेतून व्रोत्सवाफकडं निघाली. १९९७ बघितलेलं शहर दोन-तीन दिवस जागं होतं. मार्शोवित्से भागात बिस्त्शित्सा नदीचा बंधारा उंचावायला माणसं हवी होती. आम्ही गेलो. वाळूचा ढीग, पोती, फावडी, मोटारींचे दिवे लावून केलेला उजेड. बाईंचे गुडघे गेलेले, त्या कोझानूफला चौथ्या मजल्यावर, पण फोन चालू. ‘पोतं गच्च भरू नका. अर्ध्याहून थोडं जास्त, बस्स. गच्च पोतं बसत नाही, फटीतून पाणी येतं.’ मी हे ओरडून पुढं सांगितलं आणि ओळीतल्या एका दांडग्या पोरानं, कोण ही बाई म्हणून न बघता, पोतं अर्धं रिकामं केलं. पहाटेपर्यंत शेकडो माणसांच्या हातांतून पोती सरकत होती. तिथं मला कोणी माझ्या देशाबद्दल काही विचारलं नाही. हातमोजे आहेत का, एवढंच विचारलं. बंधारा टिकला. शहर वाचलं.

सगळं गोड आहे असं नाही. अलीकडे ट्राममध्ये आमच्या भाषेत फोनवर बोलताना आवाज आपोआप खाली येतो. २०२५ च्या जुलैत पोलंडमधल्या कितीतरी शहरांत स्थलांतरितांविरुद्ध मोर्चे निघाले. त्यानंतरच्या गुरुवारी खोलीत नेहमीपेक्षा कमी माणसं होती. नव्यानं आलेल्या नेपाळी मुलानं, जो रात्रीच्या पाळीला सायकलवरून जेवणाचे डबे पोचवतो, हजेरीवर सही करायला नको म्हटलं. बाईंनी वाद घातला नाही, दिलासाही दिला नाही. तास झाल्यावर काठी घेतली आणि त्याला म्हणाल्या, मला थांब्यापर्यंत सोड. खरं तर सोडत कोण होतं हे दोघांनाही ठाऊक होतं. वाटेत त्यांनी त्याच्याकडून सातही विभक्त्यांत रस्त्याचं नाव म्हणवून घेतलं. पुढच्या गुरुवारी त्यानं सही केली, आणि बाईंनी अनुदानाच्या कागदावर तीन रकाने मोकळे राहिल्याबद्दल उरलेल्या आम्हा सगळ्यांना झापलं.

ऑगस्टमध्ये आई आली. व्हिसा, थर्मल कपडे (ऑगस्टात!), गूळ, चटणी असा जामानिमा घेऊन. गुरुवारी तिला मळ्यावर नेलं. मी मनाशी काहीबाही चित्र रंगवलं होतं, दोघी गळ्यात पडतील वगैरे. बाईंनी आईला नमस्कार केला, सफरचंदाच्या झाडाखालच्या खुर्चीत बसवलं आणि तिच्या मांडीवर घेवड्याच्या शेंगांची बुट्टी ठेवली. सुरी दिली. स्वतः दुसरी बुट्टी घेतली.

आईनं माझ्याकडं पाहिलं. ‘अगं, सात समुद्र ओलांडून आलेय मी. पाहुणीला कामाला लावतात होय इथं?’

‘लावतात,’ मी म्हटलं.

आईनं पदर खोचला. थोडा वेळ दोघींचे हात चालले. मग आई थांबली आणि बाईंच्या हातांकडं बघत राहिली. बाई सुरीनं शेंगेची दोन्ही टोकं उडवून मोकळ्या होत होत्या, शीर तशीच ठेवून.

‘हिला सांग,’ आई म्हणाली, ‘अशानं खाताना दोरा येतो तोंडात. हातानं मोडायची. मोडली की शीर आपोआप निघते. हे बघ.’

मी भाषांतर करायच्या आत आईनं बाईंच्या हातातली सुरी काढून घेतली होती.